रिंग अंडाकृती होणारच

३ नोव्हेंबर, सोमवार
व्हीटीएल लेथचा चार्ज त्या नव्या पोरीला, कादंबरीला! एकवीस वर्षं त्या मशीनवर मी. तिला येऊन आठ महिने. संजय साहेब म्हणाले, काका, आता जरा आराम करा. करतो. असा आराम करतो की अख्खी कंपनी आठवण काढेल. सूड घेणार.

४ नोव्हेंबर
प्लॅन पक्का. गुरुवारी साडेतीन टनांची लोखंडी रिंग मशीनच्या फिरत्या टेबलावर आडवी चढणार. शेवटच्या कटाआधी ती पकडणारे जॉ ढिले करायचे, रिंगला मोकळं होऊ द्यायचं, मग हलकेच आवळायचे. नाहीतर मशीनवर गोल दिसते आणि खाली उतरवली की अंडं. हे फक्त मला ठाऊक. आजवर कुण्णाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. गुरुवारपासून माझी पाठ दुखणार.

६ नोव्हेंबर, सकाळी ८
पाठ दुखू लागली. साहेबांना मेसेज केला. उत्तरादाखल नुसता अंगठा.

दुपारी ४
फोन नाही. अजून पहिला रफ कटच चालू असेल. बायको म्हणाली, पाठ दुखणाऱ्या माणसाने स्टुलावर चढून पंखे पुसू नयेत. आणि पुसायचेच असतील तर बेडरूमचाही राहिलाय.

७ नोव्हेंबर
फोन! उतावीळ दिसू नये म्हणून बराच वेळ वाजू दिला. कँटीनचा बजरंग. उद्या माझं जेवण धरायचं का, विचारत होता. सहज विचारल्यासारखं करून रिंगचं विचारलं. म्हणाला, उतरवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या? खवचटपणे वाजवल्या असणार. बिचारी कादंबरी. बिचारी कसली, भोग म्हणावं.

८ नोव्हेंबर
पाठ बरी. तमाशा बघायला कामावर गेलो.
रिंग गोल. केसाएवढा फरक नाही.
कोणी शिकवलं, कादंबरीला विचारलं. म्हणाली, तुम्हीच, काका. दर वेळी मशीनपाशी मोठमोठ्याने बोलता ना, आता जॉ ढिले, आता घे बाई श्वास, आता हलकेच आवळ. सगळ्या शॉप फ्लोअरला पाठ आहे. बजरंगलासुद्धा.
मशीनवर कामाच्या पद्धतीचा कागदही लावलाय. पाचवी ओळ : घे बाई श्वास.
वर साहेबांनी मला तिच्याच हाताखाली दिलंय. तिनेच मागून घेतलं म्हणे. ठीक आहे. सोमवारपासून कडक मौन. माझ्याकडून एक शब्द मिळायचा नाही. खरा सूड आता सुरू.

१० नोव्हेंबर, सोमवार
९.००. मौन सुरू.
९.१०. कादंबरी गुड मॉर्निंग म्हणाली. फक्त मान हलवली.
११.२०. नवी रिंग, शेवटचा कट. एक जॉ जास्त आवळत होती. आवळ. मला काय त्याचं.
११.२१. ओरडलो.
तिने जॉ ढिला केला, थँक्यू काका म्हणाली. मी म्हटलं, अजून जरा.