चोवीस पॅलेट, एक कंटेनर

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून मी एक्स्पोर्ट पॅकिंगचा इन्चार्ज. पत्रात 'हंगामी' असा एक शब्द आहे, पण तो कंसात. कंसातलं कोण वाचतं? सही आमच्या प्लांट हेड दीपमाला मॅडमची, निळ्या शाईत.
पहिलीच ऑर्डर मोठी. ट्रॅक्टरच्या सीटा, लाकडी पाटांवर रचून बांधलेले चोवीस पॅलेट, बोटीने थेट दक्षिण आफ्रिकेत डर्बनला.
निश्चय: रोज डायरी लिहायची. कमी बोलायचं. कुणालाही काहीही विचारायचं नाही. विचारलं की माणूस लहान दिसतो.

४ नोव्हेंबर
मीटिंग. मॅडम म्हणाल्या, वीस फुटी कंटेनर दोन लागतील ना? मी म्हणालो, एकात बसवतो. सगळे गप्प झाले. अशी शांतता मला आवडते.
मॅडमनी विचारलं, माप घेतलंय का? हो म्हणालो.
आता माप घेणं आलं.

५ नोव्हेंबर
माप घेतलं. सकाळी चाकणला चौकात ट्रॅफिक नेहमीसारखं ठप्प. पुढे ट्रेलर, त्यावर वीस फुटी कंटेनर. गाडी स्टँडला लावली, खिशातून टेप काढला. लांबी सहा मीटर सहा सेंटिमीटर. रुंदी दोन चव्वेचाळीस. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, आरटीओचे का? म्हटलं, संशोधन चालू आहे. तेवढ्यात ट्रॅफिक सुटलं आणि माझी गाडी मधोमध. मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या वडिलांचा उल्लेख केला. संशोधकाने अशा गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात.
हिशोब: पॅलेट एक मीटर वीस बाय एक मीटर. शेजारी-शेजारी दोन म्हणजे दोन चाळीस. एकामागे एक सहा म्हणजे सहा मीटर. खाली बारा, वर बारा. चोवीस! रुंदीत चार सेंटिमीटर शिल्लक. हवा खेळायला.

६ नोव्हेंबर, गुरुवार, सुट्टी
विजयश्रीला सांगितलं, तुझा नवरा इन्चार्ज झाला. ती म्हणाली, "हंगामी ना?" पत्र फ्रीजवर ठेवलं होतं. कंसातलं ही वाचते.

८ नोव्हेंबर
शेडमध्ये रंगीत तालीम. जमिनीवर खडूने कंटेनर आखला, सहा शून्य सहा बाय दोन चव्वेचाळीस. फोर्कलिफ्टवाल्या धोंडीबाने बारा पॅलेट आत मांडले. तंतोतंत! फोटो काढला, स्टेटसला ठेवला.
तेवढ्यात शालनबाई आल्या. म्हाळुंग्याच्या. पॅकिंगमध्ये सोळा वर्षं आहेत, त्यामुळे त्यांना मत असतं. म्हणाल्या, "भाऊ, ह्यात पत्रा कुठं हाय?"
कसला पत्रा?
"कंटेनरचा. त्येला जाडी असती न्हवं? आमी तर खाली दहाच बसवतो."
मी शांतपणे समजावलं की आकृती ही काल्पनिक असते. "बरं," म्हणाल्या आणि खोक्यांत ओल शोषायच्या पुड्या टाकायला निघून गेल्या. अनुभवाने माणसाची कल्पनाशक्ती मरते, ती अशी.

१० नोव्हेंबर
मॅडमनी विचारलं, दुसरा कंटेनर कॅन्सल करू? करा म्हणालो. त्या म्हणाल्या, न्हावा शेवा बंदराचं गेट आपल्या बोटीसाठी शनिवारी संध्याकाळी बंद होतं. माल चुकला तर तिकडच्या कारखान्याची लाइन थांबेल आणि तुम्हाला मी पुन्हा गेटवर पावत्या फाडायला बसवेन. मॅडम विनोद छान करतात.
धोंडीबा म्हणतो, मॅडमनी आजवर एकही विनोद केलेला नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी १०.००. कंटेनर आमच्या माल चढवायच्या डॉकला लागला. नारळ मी फोडला. एका फटक्यात फुटला नाही, तो नारळाचा दोष.

१०.२५. पहिला पॅलेट आत. देखणा. दुसरा त्याच्या शेजारी जाईना. पाच सेंटिमीटर कमी पडतायत. धोंडीबाला म्हटलं, रेट. तो म्हणाला, "राव, लोखंड हाय. समजुतीनं घेत न्हाई."

१०.४०. ट्रान्सपोर्टवाल्याला फोन. लहान कंटेनर पाठवल्याबद्दल झापला. तो म्हणाला, साहेब, जगात सगळीकडे ह्याच मापाचा असतो. मग विचारलं, पहिल्यांदाच भरताय का? मी फोन कट केला. उद्धट माणसांसाठी माझ्याकडे वेळ नाही.

११.३०. निर्णय घेतला. नेता पुढे असावा लागतो. मी स्वतः कंटेनरच्या टोकाला जाऊन उभा राहतो आणि तिथून अँगल सांगतो. पॅलेट एक आडवा, एक उभा. "येऊ दे, येऊ दे." धोंडीबा आज्ञाधारक आहे. येऊ देतोय. वर दुसरा थरही चढवतोय.

१.००. जेवणाचा भोंगा झाला. धोंडीबा वेळेचा पक्का आहे.

१.१०. कंटेनरच्या आत. मोबाइलच्या टॉर्चवर लिहितोय. समोर पॅलेटची भिंत. कडेला वीतभर फट, वरही वीतभर. फटीतून जायचा प्रयत्न केला. पोट मध्ये आलं. रेंज नाही. आतून तपासणी करण्याची ही उत्तम संधी आहे, ती सहसा कुणाला मिळत नाही.

१.१८. पत्रा नागमोडी आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंना मिळून आठ-नऊ सेंटिमीटर खातो. पत्र्याला जाडी असते. नोंद घेतली.

१.२८. आवाजाची चाचणी चालू.

१.३२. पलीकडून टकटक. शालनबाई. "भाऊ, आत हायसा का?" मी म्हटलं, इन्स्पेक्शन चालू आहे. "व्हय, व्हय. चालू द्या. धोंडीबाला बोलावते तवर." टेबलावर माझा डबा न उघडलेला दिसला म्हणून आल्या म्हणे.

५.३०. दुपारभर शालनबाईंनी सांगितलं तसं भरलं. चार पॅलेट फिरकीसारखे, एक आडवा एक उभा असे गोल, पुन्हा चार तसेच, शेवटी दोन उभे. खाली दहा, वर दहा. चार पॅलेट डॉकवर उरले. मॅडम आल्या. त्या चार पॅलेटकडे बघत राहिल्या. आज शांतता आवडली नाही.
मॅडमनी विचारलं, माप कुणी घेतलं होतं? मी तोंड उघडलं. मी काही बोलायच्या आधी शालनबाईच बोलल्या. "मॅडम, चार उरणार म्हणून मोशीच्या एजंटाकडं सोमवारीच जागा धरून ठेवलीया. दुसऱ्यांच्या मालाबरोबर जातील, त्याच बोटीनं. टेम्पो खाली उभा हाय."
मी दुपारी कुठे होतो, यावर त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

१५ नोव्हेंबर
चोवीसच्या चोवीस पॅलेट दुपारी तीनला बंदराच्या गेटमधून आत. माझं नियोजन त्र्याऐंशी टक्के यशस्वी. इंजिनिअरिंगला एवढ्यात डिस्टिंक्शन मिळतं.
शालनबाईंनी सोमवारीच जागा धरली होती. म्हणजे मी दुसरा कंटेनर कॅन्सल केला त्या दिवशीच. योगायोग असेल.

१८ नोव्हेंबर
नोटीस लागली. एक्स्पोर्ट पॅकिंग इन्चार्ज: शालनबाई. त्यांच्या हाताखाली, सहायक म्हणून, मी. गेटवर पावत्या नाहीत. शालनबाईंनीच मॅडमना सांगितलं म्हणे की माणूस कामाला वाईट न्हाई, फक्त घाई हाय. माझी घाई यांना कुठे दिसली, कळत नाही.
घरी सांगितलं की आता मी सल्लागार भूमिकेत आहे. विजयश्री म्हणाली, "बरं झालं. शालनबाईंना सांगा, यांना जेवायला वेळेवर सोडा."

१९ नोव्हेंबर
आज पॅलेटची फिरकी शिकलो. सोपी आहे, दोनदाच चुकलो.
चारच्या चहाला शालनबाई शेजारी येऊन बसल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "भाऊ, आत भ्या वाटलं का?"
म्हटलं, छे. इन्स्पेक्शन होतं.
त्या चहात बिस्कीट बुडवत राहिल्या. मग म्हणाल्या, नवीन लागल्या तेव्हा त्याही अडकल्या होत्या, चाळीस फुटीत. संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता. आत खूप रडल्या. तेव्हापासून भोंगा झाला की आधी सगळ्यांचे डबे मोजतात, मग स्वतः जेवतात.
मी म्हणालो, मला रडायची सवय नाही.
"व्हय," म्हणाल्या आणि अर्धं बिस्कीट माझ्या बशीत ठेवलं.
ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवतो.
रडलो होतो. १.२८ ते १.३२.