शीतकक्षाची नोंदवही

३ फेब्रुवारी
सकाळी पुण्याहून पोहोचलो. शिवाजी पेठेत खोली झकास मिळाली. शेजारी तालीम, त्यामुळे गजराच्या घड्याळाची गरज नाही. दुपारी जयसिंगपूर रस्त्यावरच्या नवसंशोधन केंद्रात रुजू झालो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पाटी संगमरवरी आणि यंत्रांवर अजून प्लास्टिक. उणे वीस अंशांचा शीतकक्ष तेवढा चालू आहे, त्यात चंदगडच्या जुन्या भाताचं बियाणं. माझ्या जागी आधी महांतेश हिरेमठ होता. ऑगस्टमध्ये न सांगताच बंगळुरूला निघून गेला म्हणे. शहाणा माणूस.

५ फेब्रुवारी
अठराला दिल्लीहून तपासणी समिती येणार. संचालकांचा हुकूम सुटला की नोंदवह्या पूर्ण करा. इथे पूर्ण करणं म्हणजे पुढच्या तारखाही आजच भरून टाकणं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तानाबाईंनी चहा पिता पिता महिनाअखेरपर्यंतचं तापमान आणि शेरे लिहून काढले. दर तपासणीला असंच करतात, असं त्यांनी न लाजता सांगितलं. याला हे लोक विज्ञान म्हणतात.

१० फेब्रुवारी
कालच्या तारखेला तानाबाईंनी लिहून ठेवलं होतं: लाइट गेली, ११.१० ते ११.४०. काल बरोबर तेवढाच वेळ गेली. लाइट जाण्याचं भविष्य इथे कोणीही सांगेल. पण कक्षाबाहेरच्या तापमापकाच्या काट्यावर तापमानही उणे १७.४ होतं. वहीत तेच.

१३ फेब्रुवारी
आजचा शेरा: कक्षाबाहेरचा पंखा बंद, मेस्त्री आला. पंखा बंद पडला. मेस्त्री आला.

वहीच्या शेवटच्या पानावर कक्षात कोण गेलं-आलं याची यादी आहे. महांतेश, २३ ऑगस्ट, आत ४.२०. बाहेरचा रकाना कोरा. त्याच्या खाली माझं नाव. १८ फेब्रुवारी, आत ११.०५. बाहेर, कोरा.

तानाबाईंना फैलावर घेतलं. त्या वहीकडे बघेचनात.
"म्या निस्तं तापमान भरलंतं, सायेब. नाव कवा उतरलं ठावं न्हाय. महांतेश सरांचंबी असंच उतरलंतं."

१६ फेब्रुवारी
महांतेशचा फोन लागत नाही. त्याला जाताना कुणी पाहिलं, विचारलं. कुणीच नाही. ऑगस्टपासून कक्ष उघडलेलाही नाही. काटा बाहेर आहे, आत जायचे कष्ट कोण घेतो.

संचालकांना वही दाखवली, तर हसले. समितीला चंदगडचं भात दाखवायचंच, आणि ते मीच आणायचं. मला भीती वाटते. अशा अडाण्यांच्या वहीची भीती — लाज वाटते लिहायला.

१८ फेब्रुवारी
उपाय सापडला. यांचं लिहिलेलं खरं होतं, तर माझंही होईल. बाहेरच्या रकान्यात मीच ११.१० लिहून टाकलं. दहालाच जाऊन येणार होतो, पण किल्ली संचालकांच्या खिशात आणि ते समितीला आणायला स्टेशनवर. आत्ता आले. ११.०४. तानाबाई दाराशी थांबते म्हणाल्या. हसून चहाला पिटाळलं.

आत —
दार मागे लागलं. मूठ फिरत नाही. धोक्याचं बटण दाबलं — त्याला वायरच नाही. उद्घाटनाच्या फोटोपुरतं लावलेलं. नालायक सगळे.
नोंदवही सोबत आणलीय. ११.१० ला उघडेल. मी लिहिलंय —

११.०८. वहीचं शेवटचं पान पाहिलं.
घाईत ओळ चुकली. ११.१० पडलं वरच्या ओळीत. महांतेशच्या.

११.०९. शेवटच्या रॅकमागे ताडपत्री — हलली —

येतोय. दाराकडे. माझ्याकडे बघत नाही —
मूठ त्याच्या हातात फिरते —

माझी ओळ अजून कोरी. लिहितो — ११ — पेन गोठ — शाई उमटत ना