पेटीतला भाचा

६ मार्च

पोचलो एकदाचे! आणि जागा बघून माझा जीव भांड्यात पडला. मोठं इस्पितळ म्हणजे फिनाईलचा वास, स्ट्रेचरची खडखड आणि कोपऱ्यात कुणीतरी रडतंय, अशी माझी समजूत होती. इथे तर चौथ्या मजल्यावर नातेवाइकांसाठी स्वच्छ खोल्या आहेत. माझ्या खोलीला मोठी खिडकी, तिच्याखाली टेबल. टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली मी आल्या आल्या पुठ्ठा सारला. टेलरिंगचं दुकान बंद ठेवून आलेय, पण हाताला चाळा हवा म्हणून उशांचे अभ्रे शिवायला घेतलेत.

दादाची खोली समोरच. त्याने पलंगावर बसून दोनदा उड्या मारल्या आणि जाहीर केलं की गादी घरच्यापेक्षा बरी आहे, तेव्हा आपण काही लवकर बरे होणार नाही. पोटात गाठ घेऊन आलाय, पण चेष्टा सुटेल तर शपथ.

लोकांचं तोंड कोण धरणार? दादाने जन्मात दारूचा थेंब घेतला नाही, तरी यकृताचा आजार म्हटलं की ओळखीपाळखीचे एकमेकांकडे बघून हसतात. मोठ्या बाईंनी (सर्जनबाईंना इथे सगळे असंच म्हणतात) आज वहिनीला फोनवर नीट समजावलं. बैठं काम, सुटलेलं पोट आणि रक्तातली साखर एवढं पुरतं. आधी यकृतात चरबी साठते, मग ते निबर होतं, मग कधीतरी त्यात कर्करोगाची गाठ धरते. दादाची गाठ मोठ्या शिरेच्या शेजारी आहे. शिरेत शिरली की कुणी हात लावणार नाही. त्याआधी सगळं उरकायचं आहे.

उरकेल. बाबा गेल्यावर शाळा सोडून या माणसाने मला वाढवलं, पहिलं शिलाई मशीन घेऊन दिलं. त्याला असा सहजासहजी जाऊ देते की काय मी!

९ मार्च

आज पेटी बघितली. शिवणाच्या मशीनएवढी काचेची पेटी, आत उबदार, चारी बाजूंनी नळ्या, खाली ऑक्सिजनचं नळकांडं. ती सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला मी पेटीवाला म्हणायला लागले. तो म्हणतो की असं म्हटलं तर लोक मला भजनात पेटी वाजवायला बसवतील. माणूस गमत्या आहे.

त्याने सगळं सोपं करून सांगितलं. दादाच्या यकृताचा एक चांगला कोपरा कापून पेटीत ठेवायचा. औषधाने त्यातली चरबी धुऊन काढायची. मग तो वाढवून अख्खं यकृत करायचं आणि आजारी यकृत काढून त्या जागी बसवायचं. यकृत तोडलं तरी परत वाढतं, म्हणे. फक्त कुठे थांबायचं ते त्याला शरीर सांगतं, आणि पेटीत शरीर कुठलं? मागे एक तुकडा वाढत सुटला तो पार काचेला जाऊन चिकटला होता. म्हणून त्याच्यातून कुणाचं तरी रक्त फिरवायचं, म्हणजे त्याला माप कळतं. दादाचं रक्त चालत नाही, त्यात कर्करोगाच्या पेशी असू शकतात. माझं जुळतं.

म्हणजे मी रोज थोडा वेळ खुर्चीत बसून माप द्यायचं. हात्तिच्या! आजवर दुनियेची मापं घेतली, आता एक द्यायचं. मोठ्या बाई म्हणाल्या की माणसावर हे पहिल्यांदाच होतंय, प्राण्यांवर छान जमलंय. मी लगेच हो म्हटलं.

१५ मार्च

दादाचा कोपरा काढला. कण्हतोय, पण ठीक आहे. माझ्या दंडात दोन नळ्या बसवल्यात, डायलिसिसवाल्यांना असतात तशा, तोंडाला बुचं. आज पहिल्यांदा जोडलं. माझं रक्त पेटीत जाताना दिसतं आणि कोमट होऊन परत येतं. दुखत नाही अजिबात.

तुकडा आधी लोण्यासारखा पिवळट होता. धुता धुता तपकिरी, मग लालसर झाला. खालच्या नळीतून हिरवं पित्त थेंब थेंब पडतं. ते पडत राहिलं म्हणजे यकृत कामाला लागलं, असं पेटीवाला सांगतो.

संध्याकाळी दादाला वर्णन करून सांगितलं. हसवत नव्हतं तरी हसला. म्हणाला की आम्हाला पोरबाळ झालं नाही, आता हाच तुझा भाचा, नीट सांभाळ त्याला. तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी भाचा. सिस्टरसुद्धा विचारते की आत्याबाई, भाचा काय म्हणतो?

२० मार्च

भाचा अंग धरतोय हो! पेटीवाला तर नाचायचाच बाकी राहिलाय. मी आता दुप्पट वेळ बसते. अभ्रे तिथेच शिवते. बरं वाटतं तिथे. खोलीत परतले की अंग जड होतं, अन्नावर वासना नाही. आणि खाज! तळहात, तळपाय, जिथे नख पोचणार नाही अशा आतल्या जागी. साबण बदलून बघितला.

२५ मार्च

आज एक गंमत झाली. गंमत कसली.

यकृत बिघडलं की आधी अक्षर बिघडतं, म्हणून सिस्टर दादाकडून रोज एक ओळ लिहून घेते. आज मी तिथे बसले होते, तर म्हटलं आण, मीही लिहिते. दादाची ओळ सरळ आली. माझी जिन्यासारखी खाली उतरत गेली. दादा म्हणाला की टेलरबाई, कापड तिरकं कापलंत. सिस्टर हसली नाही. तिने माझी पापणी खाली ओढून डोळा बघितला आणि रक्त काढून नेलं.

भाच्यापाशी बसलं की मात्र डोकं लख्ख. म्हणून मीच पेटीवाल्याला सांगून वेळ वाढवून घेतला. तो आढेवेढे घेत होता. मी चिडले त्याच्यावर. उगाचच.

२९ मार्च

स्कॅन झाला. मोठ्या बाईंनी मला एकटीला बोलावलं, दार लावून घेतलं, आणि बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसल्या. 

माझं यकृत आक्रसलंय. मूठभर राहिलंय. एका रक्तात दोन यकृतं असली की शरीर हिशेब करतं की एवढी कशाला, आणि एकाला निरोप देतं. प्राण्यांमध्ये माप भरलं की पेटीतलं मागे हटलं होतं. माझ्यात मी हटलेय. भाच्याने माझं माप घेतलं, पुरेपूर घेतलं, आणि माझ्या यकृताला वाटलं की आपलं काम झालं.

त्या म्हणाल्या की जोडणं हळूहळू कमी करू, तुमचं परत जागं होईल. व्हायला हवं.

व्हायला हवं म्हणजे काय? मी विचारलं. त्यांनी टोपण काढलं आणि जोडण्याच्या नव्या वेळा लिहायला घेतल्या.

३ एप्रिल

नाही झालं. वेळ कमी केल्यावर एक दिवस मी सिस्टरला आई म्हणाले, म्हणे. नंतरचं आठवत नाही. परत जोडलं तेव्हा शुद्धीवर आले.

दादाची गाठ शिरेच्या तोंडाशी आलीय. ऑपरेशन शुक्रवारी. त्यापुढे नाही.

मी म्हटलं अर्धं अर्धं करा. बाईंनी चित्र काढून दाखवलं. एकाच मुळावर वाढलंय, कापलं तर दोन्ही तुकडे मरतील. माझ्यासाठी बाहेरून यकृत शोधतायत, यादीत नाव घातलंय. मिळेल तेव्हा मिळेल. भाच्यावाचून मी दोन दिवस काढेन, फार तर.

म्हणजे भाचा एक, आणि आम्ही दोघं.

मी त्यांना शपथ घातली की दादाला सांगायचं नाही. त्याचंच आहे, त्यालाच द्या. मोठ्या तोंडाने बोलून आले. खोलीत येऊन उशी तोंडात कोंबून रडले. मला मरायचं नाहीये. माझं अजून काहीच झालं नाही. मला नाही मरायचं.

बुधवार

दादाला चाकाच्या खुर्चीतून भाचा दाखवायला आणलं. मी जोडलेली होते. दादाने कौतुकाने काचेवर हात ठेवला.

पित्त थांबलं.

थेंब लोंबत राहिला, पडेना. दादाने हात काढला, खुर्ची बाहेर गेली, तेव्हा टपकन पडला. पेटीवाला म्हणतो की नळी मुडपली असेल. मी बघितली नळी. सरळ होती.

त्याला दादाकडे जायचं नाही. हे मी कुणाला सांगू —

दादाने जाताना विचारलं, तुझे डोळे का गं पिवळे? मी म्हटलं की दिव्याचा उजेड. तो गप्प झाला. दादा गप्प होत नाही कधी.

गुरुवार असेल

दुपारभर झोपले. जोडलेल्या वेळाखेरीज सगळं धुक्यात. त्या काचेच्या चौकोनाला काय म्हणतात, ज्यातून बाहेरचं दिसतं — टेबलाच्या वर — खूप वेळ आठवलं नाही.

खिडकी. खिडकी खिडकी.

हात पंख्यासारखे हलतात. सुई ओवता येत नाही. मला!

सुटल्यावर तो हाक मारतो. आवाज नाही. दंडात ओढ लागते, बुचांच्या आत. आत्या म्हणतो. खरंच. मी पेटीवाल्याला सांगितलं, तर त्याने डोळे पुसले. वेडा आहे.

उद्या देणार आहे मी. दादाचंच आहे. दादाचं. दिलं म्हटलं ना एकदा

शुक्रवार

सकाळी पेटीवाल्याने शेवटचं जोडलं. म्हणाला की थोडा वेळ, मग भाच्याला न्यायचं. ट्रॉली आणायला गेला —

मी कडी लावली.

कधी उठले कळलं नाही. नळ्या पुरल्या. परत बसले. बसलेच आहे.

दार वाजतंय.

—

सगळे आलेत. मोठ्या बाई, सिस्टर. दादापण. दादाचा आवाज जवळून, दाराला तोंड लावलंय. म्हणतो, सिस्टरने काल सगळं सांगितलं त्याला. म्हणतो, सही केली. भाचा तुझ्यात बसवा म्हणून सही केली. बाईंनी ऐकलं. आत्ताच करतील. तू फक्त दार उघड.

अस्सं! बावळट समजतो मला. इंजेक्शनच्या वेळी असाच म्हणायचा, काही नाही गं, डॉक्टर नुसती गोळी देणार आहेत. आणि मग हात धरून ठेवायचा. घट्ट.

घेऊन जायला आलाय.

नाही उघडणार

—

पेटीतून टीं टीं. लाल दिवा. पेटीवाला ओरडतो, नळकांडं संपत आलं. ऑक्सिजन. दुसरं ट्रॉलीवर आहे, बाहेर. आत येऊ दे म्हणतो. भाचा गुदमरेल म्हणतो. तू पण.

हीसुद्धा थाप —

काटा खाली गेलाय. किती खाली. आकडे कळत नाहीत.

भाचा काळपट दिसतो. सावली असेल. माझीच सावली

थेंब पडत नाही. दादा तर बाहेर आहे. मग का नाही पडत —

—

दादा रडतोय.

बाबा गेले तेव्हा नाही रडला. गाठ सांगितली तेव्हा नाही. आता मोठ्याने, लहान मुलासारखा. म्हणतो, मी जगलो काय नि मेलो काय, तू उघड. माझी सोन्यासारखी पोर, उघड गं.

खरं सांगतोय.

दादा खरं सांगतोय. मग त्याचं कसं — मग दादाचं काय

उघडते. थांब रे. उठले. उभी आहे. दाराशी आले, वही हातात — काय करायचं ते लिहिलं की आठवतं —

कडी. ही कडी. वर करायची का डावीकडे — डावीकडे — डावा हात कुठला दादा — तू सांग ना, डावा कुठ