पाठीमागच्या निऱ्या

२० सप्टेंबर २००६
आज साहेबाशी भांडले! म्हणजे तोंड उघडलं, एवढंच. ब्रिस्टलच्या या लिलावघरात फ्रेंच फर्निचरच्या विभागात मी सहा महिन्यांच्या ट्रायलवर. पक्की नोकरी हवी ती इथेच. आशियाई विभागात बसणार नाही, हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवलंय.

एक काळाकुट्ट ब्राँझचा दिवा आलाय. हत्ती, त्यावर साडीतली बाई, तिच्या हातात मेणबत्त्यांसाठी तीन खोबणी. साहेब, म्हणजे ग्रॅहम, चिठ्ठी लावून मोकळा — भारतीय, देवळातला. मी म्हटलं, नो! देवळात तेलवात असते, मेणबत्ती कोण लावतंय? हत्तीचे कान आफ्रिकेतले. बाईच्या डोक्यावर तुर्की पागोटं. आणि निऱ्या — चक्क पाठीमागे, गाऊनसारख्या! कुणा पॅरिसवाल्याने घरबसल्या हिंदुस्थान घडवलाय.
"प्रूव्ह इट, मंजिरी."

२५ सप्टेंबर
पुस्तकं पालथी घातली. काही नाही.

२९ सप्टेंबर
मेले होते आज! दसरा आला म्हणून काल घरची भांडी घासली. उरलेला चिंचेचा कोळ डब्यात घालून ऑफिसात नेला आणि कारागिराची काही खूण सापडते का म्हणून दिव्याचा तळ घासला. हाताची सवय! जुन्या ब्राँझचा काळेपणा घालवायचा नसतो, हे इथे पोराटोरांना ठाऊक.
"व्हॉट इज दॅट?" ग्रॅहम लालबुंद.
"टॅमरिंड."
मला रडूच फुटलं. डोळे पुसले, तर हत्तीच्या पायाशी सोन्याचा मुलामा चमकतोय. शेजारी अक्षरं — पॅरिसच्या ओतशाळेचा शिक्का! ग्रॅहमने भिंग लावलं. पुन्हा लावलं. "वेल... फ्रेंच."
अवधूतला फोन केला. नवराच तो — "काढलं नाही ना तुला?"

१९ ऑक्टोबर
जिंकले! कॅटलॉगमध्ये माझेच शब्द — फ्रेंच, भारतीय धाटणीचा. फोनवर बोली लावताना पॅरिसचे दोन डीलर हमरीतुमरीवर आले. दिवा अंदाजाच्या चौपटीला गेला. हॉलमध्ये टाळ्या! ग्रॅहमने सगळ्यांसमोर हात मिळवला, "दॅट वॉज ऑल यू." जाताना बाईला शेवटचं पाहिलं. सगळी चुकीची, पण देखणी आहे बया. दिवसभर मी जमिनीवर नव्हते.

२३ ऑक्टोबर
पत्र आलं. नोकरी पक्की. विभाग — आशियाई. "भारताविषयीच्या तुमच्या सखोल ज्ञानामुळे."
अवधूत म्हणतो, "घे ना, बिघडलं कुठे?"
मी ओळखलं ते पॅरिस होतं, एवढंच लिहून पत्र परत पाठवलं. उद्यापासून कामाला जायचं नाही.