मागलं झालं, पुढलं नंतर

६ जुलै, मलकापूर
एप्रिलनंतर इथे एक ओळ नाही. वहीपुढे मान खाली घालते. कारण सध्या सांगलीला मिस्त्रींच्या गॅरेजात आहे: माझ्या नवऱ्याची, विलासची, जुनी जीप. फौजेतून सुटल्यावर घेतली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. गेल्या महिन्यात मोठे टायर बसले. आत चढायला मला स्टूल लागतं. वि. म्हणतो, "मॅडम, हत्तीवर बसायचं तर शिडी लागणारच."
टायर मोठे झाले तसं इंजिन चढाला दमायला लागलं. म्हणून आता गिअरचे दाते बदलायचे, मागच्या चाकांचे आणि पुढच्यांचेही. दोन्हीकडे जोड सारखी हवी, नाहीतर चारही चाकं एकदम जोडता येत नाहीत. एवढं मलाही पाठ झालंय.
वाडीवर अक्कांच्या (वि.ची थोरली बहीण) सुनेला, सोनालीला, आठवा लागला. पावसात तिथे दुसरी गाडी चढत नाही. वि.ने शब्द दिलाय, मीच खाली आणणार. त्याच्या आईला डोलीतून आणताना वाटेतच… ते वाक्य तो कधी पुरं करत नाही.

८ जुलै
मिस्त्रींचा फोन. वि. आंघोळीला, म्हणून मीच घेतला. समोर अकरावीच्या भूगोलाच्या पेपरांचा गठ्ठा. वि.ला निरोप दिला: राहिलेलं काम झालं, बाकीचं नंतर बघू म्हणाले, गाडी न्या.
"बाकीचं म्हंजे रंगाचं असंल," वि. खूश.

१० जुलै
गाडी आली. मिस्त्री नरसोबाच्या वाडीला दर्शनाला गेलेले, चावी शेजारच्या चहाच्या टपरीवर ठेवली होती. म्हणजे भेट नाही. वि. म्हणतो, ओढ लय सुधारली. उद्या-परवा वाडीवर चाचणी. मीही जाणार. नको म्हणत होता.

१२ जुलै
आज चाचणी झाली.
वाडीच्या अलीकडचा काँक्रीटचा चढ. वरून चिखल वाहून आलेला. वि.ने छोटा दांडा ओढून चारही चाकं जोडली. गाडी अडखळायला लागली. पुढची चाकं एक म्हणत होती, मागची दुसरंच. खालून कण्हल्यासारखा आवाज. मग धाडकन काहीतरी तुटलं आणि आम्ही मागे सरकलो. डावीकडे दरी. वि. ब्रेकवर जवळजवळ उभा.
"उतर! चाकामागं दगड लाव!"
स्टूल नसताना कशी उतरले आठवत नाही. दगड लावले.
पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट तुटून लोंबत होता. वि. खाली झोपून बघत राहिला. बाहेर आला तेव्हा तोंड पांढरं.
"पुढचे दाते जुनेच हायत. बदललेच न्हाईत."
तुटका शाफ्ट सोडवला, मागच्या चाकांवर हळूहळू उतरलो. दोघांच्या मनात एकच असणार: सोनाली आत असती तर.

१३ जुलै
वि.ने मिस्त्रींना फोन लावला. स्पीकरवर.
"अर्धं काम करून गाडी सोडली व्हय? माणसं गेली असती!"
"फौजी, वैनीस्नी सांगितलं हुतं की. मागलं झालंय, पुढलं नंतर बगू. पुढलं सामान काल आलंय."
"माझ्या बायकोकडनं निरोप चुकत न्हाई."
"मंग मी खोटा. दुसरा मिस्त्री बगा." फोन बंद.
मी शेजारीच उभी.
मागलं म्हणजे मागच्या चाकांचं. मी ऐकलं, मागे राहिलेलं. पुढलं म्हणजे पुढच्या चाकांचं. मी ऐकलं, पुढे कधीतरी. त्यांचे शब्द तसेच्या तसे दिले असते तर वि.ला एका क्षणात कळलं असतं. मी ते नीटनेटके केले. पेपर तपासायचा हात.
आणि वि. फौजेत सिग्नलमधला, निरोप पोचवणारा माणूस. निरोपातला शब्द हलवायचा नाही, ही त्याची घरातसुद्धा शिस्त. चारचौघांत म्हणतो, आमच्या मॅडम म्हंजे सिग्नल कंपनी.

१५ जुलै
कराडातल्या दोन गॅरेजांनी हात जोडले. "ज्यानं खोललंय त्यानंच मिटवावं." सामानही मिस्त्रींकडेच.
अक्कांचा फोन: "अगं, सोनालीचं पाय लय सुजल्यात. डॉक्टरीण म्हंती ह्याच आठवड्यात खाली न्या. इलास यील न्हवं?"
येईल, म्हटलं. हाही एक निरोपच दिला, कशाच्या जोरावर कोण जाणे.
वि.ला सांगितलं. "मंग डोली करू," म्हणाला आणि उठून बाहेर गेला.
मागोमाग गेले. टायरच्या खाचांतला चिखल काढत होता.
"काय गं?"
"चहा ठेवू?"
"ठेव."

१६ जुलै
वि. फाटकात शेजाऱ्यांना सांगत होता, सांगलीचा मिस्त्री फसवा निघाला. मी दोरीवरचे कपडे काढत होते, सगळं ऐकलं. आत आले.
कशाची भीती आहे? वि. ओरडणार नाही. पुढच्या वेळी निरोप दोनदा विचारेल, एवढंच. तेवढंच नकोय मला. आणि त्या तेवढ्यासाठी तिकडे एक पोरगी सुजलेल्या पायांनी डोलीत बसणार, आणि वि. त्याच वाटेनं पुन्हा…
मिस्त्री पुन्हा काम घ्यायला कबूल होतील का, माहीत नाही. काम वेळेत होईल का, तेही नाही.

उद्या: मिस्त्रींना फोन, वि.च्या समोर. त्यांचे आठ तारखेचे शब्द वि.ला जसेच्या तसे.