चार बोटं उंच

७ फेब्रुवारी ९५, मंगळवार
महालिंगचं डोकं फोडलं. मोसंबी भरून पिकअप मळ्यातून निघाली ती शेजारच्या बापूरावांच्या बांधाजवळ चरात बसली. परवा तिथं चर नव्हता; आमची वाट अडवायला खणलेला. मागचा एक्सल मातीला टेकला. विलास, बापूरावांचा थोरला, माणसं घेऊन वाटच बघत होता. टॉमी, चाक खोलायची लोखंडी कांब, आमच्याच गाडीतली ओढली. माल पायाखाली तुडवला.
मी तेव्हा दुकानात. खताची पोती उतरवून घेत होतो.
दवाखान्यात टाके घालताना म. चा एकच घोष. "अण्णा, त्याला मी जित्ता ठेवीत न्हाई." मी म्हणालो, आधी पाणी पी. धाकट्या भावाला याहून शहाणं काही सांगता आलं नाही.

८ फेब्रु.
ठाण्यात गेलो. फौजदार म्हणाले, रस्त्याचं तहसीलला बघा. मारहाण लिहून घेतो, पण दोन्हीकडची. म्हणजे ज्याचं डोकं फुटलं त्याच्यावरही.
येताना बापूराव फटफटी थांबवून हसले. "कॉलेज शिकलेले तुमी. करा अर्ज. तवर फळं झाडाखाली सडतेत."
बैलगाडीनं माल काढावा म्हणून तेलगावचा गाडीवान ठरवला होता. संध्याकाळी विलासनं त्याच्या बैलाच्या पायावर कुऱ्हाड घातली. जनावर अजून ओरडतंय. इथं दुकानापर्यंत ऐकू येतं.

९ फेब्रु.
लिंगपूजेला बसलो, मन लागेना. मग सुचलं. चर बुजवू देत नाहीत, तर गाडीच उंच करावी. कुणाच्या अंगाला हात न लावता वरून निघून जायचं. म. ला सांगितलं. डोक्याला पट्टी, तरी उठून बसला. "करा उंच. त्याच्या छातीवरून जाईल इतकी."
म्हणाला रागात. मला मात्र माझी युक्ती फार अहिंसक वाटत होती. इतकं बरं वाटलं की शंका यायला हवी होती.

१० फेब्रु., माजलगाव
सलीमभाईचं गॅरेज. नवे सुटे भाग आपल्या आवाक्यातले नाहीत, हे मी आधीच सांगितलं. तीन मार्ग. लांब शॅकल, म्हणजे स्प्रिंग टांगायची कडी: स्वस्त, पण गाडी भरल्यावर डुलते. स्प्रिंगचा पाटा आणि एक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळा: त्याहून स्वस्त. म. ला तोच हवा. पण खड्ड्यात ठोकळा सरकला तर एक्सल जागा सोडतो. तिसरा, भंगारातल्या ट्रकचे पाटे कापून कमानीत वाढवायचे. गाडी कडक होईल, हाडं खिळखिळी होतील, पण सरकणार काही नाही. तिसरा घेतला. सुरक्षित म्हणून घेतला, हे इथं लिहून ठेवतो.
आमचे दोन मोडके पाटे लोहार घेऊन गेला, कोयते करायला.
संध्याकाळी गाडी चार बोटं वर. सलीमभाई खालून म्हणाला, "अण्णा, मागचा ब्रेकपाइप ताणलाय. लांबीचा बीडहून आणावा लागंल. दोन दिस थांबा."
बोटानं दाबून पाहिला. तारेसारखा. मोसंबी रोज गळतेय. म्हटलं, पुढच्या खेपेला बदलू.
"सडकेनं चालंल," तो म्हणाला. "चाक लटकून पाइप तुटला तर माझ्यावर येऊ नका."

१२ फेब्रु., रविवार
झालं.
गाडी म. चालवत होता, मी शेजारी बसलो होतो. म. ला आवरायला म्हणूनच गेलो होतो. चरावरून गाडी गेली. मागचं चाक क्षणभर अधांतरी लटकलं, आपटलं, निघाली. म. मोठ्यानं हसला. पुढच्या वळणावर विलास वाटेत उभा, हातात कोयता. "उतर बे वाण्या, आज तुला छाटतो."
म. ओरडला, "सरक बे!" गाडी थांबली नाही. विलास आडवा झाला तेव्हा आवाज पोतं फाटल्यासारखा आला. दोन्ही पाय चाकाखाली. कोयता काचेवर आपटून माझ्या मांडीवर.
म. म्हणतो, ब्रेक दाबला, लागलाच नाही.
मी कोयत्याकडे बघत होतो. त्याच्या पायाकडे नाही.
तो कोयता आमच्याच पाट्याचा असेल, असंही मनात आलं. उगाच. कोयते सगळेच पाट्याचे असतात.

१३ फेब्रु.
बापूरावांच्या माणसांनी दुकान फोडलं. शटर वाकवून आत शिरले, औषधाच्या बाटल्या रस्त्यावर. माझ्या बायकोला, सुमनला, केसांना धरून बाहेर ओढलं. मी मध्ये पडलो, बरगडीत लाथा. सुमन एवढंच म्हणाली, "पाइप बदलायला काय झालतं तुमाला?" तिला मीच सांगितलं होतं.
म. कोठडीत. विलासला आंबेजोगाईला हलवलंय. एक पाय कापला. शुद्ध नाही.

१४ फेब्रु.
पाइप तुटला असेल तर दोष माझा. शाबूत असेल तर माझ्या भावानं माणूस जाणूनबुजून चिरडला.
चर आणि वळण, दोन्हीकडं ब्रेकऑइलचे डाग शोधायला गेलो. बापूरावांनी पाटाचं पाणी सोडलंय. सगळा चिखल.
मला कोणतं उत्तर हवंय? दोन्ही हात जोडून बसलो आणि पाइप तुटलेला असू दे म्हणालो. मग लक्षात आलं, आपण काय मागतोय. विलास मेला तर म. ला काय होईल, एवढंच मनात होतं. विलासचं काय, हे नंतर.

१५ फेब्रु., बुधवार
ठाण्यात डबा घेऊन गेलो. पिकअप आवारात, लिंबाखाली. उद्या आरटीओचा माणूस तपासायला येणार, नंतर माझा जबाब. इतकी उंच उभी आहे की वाकावंही लागत नाही. फाटकातूनच खालचं सगळं दिसतं, एक्सल, पाटे, सगळं.
मी डब्याकडे बघत पुढं गेलो.
म. गजाला धरून उभा. टाके पिकलेत. भाकरीला हात लावला नाही. "अण्णा, पाइप बघितला का? तुटलाच असंल ना?"
म्हणालो, "अंधार होता रे."
भर दुपार होती. त्यानं माझ्या मागं उन्हाकडं बघितलं, मग माझ्याकडं.