फुस्सबंदीची नोटीस

नवघर, भाईंदर (पूर्व)
रविवार, दुपार

ती. स्व. आत्माराममामा यांस,

सदूचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा वाकत नाही, तेव्हा सध्या अष्टांगांपैकी सातच धरावीत. आठवं डॉक्टरांच्या ताब्यात आहे.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता पलीकडच्या वाडीतल्या माणसाच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसते, असं मामींनी कळवलं. आनंद झाला. मात्र हे पत्र वाचताना शक्यतो जुनाच चष्मा लावावा. यात मी जितका अंधूक दिसेन तितका बरा. फोन का नाही केला, असं विचाराल. फोनवर समोरचा माणूस मधेच ओरडू शकतो. पत्रात ती सोय नाही.

सुरुवात माझ्यावर झालेल्या अन्यायापासून करतो. मामा, मी पाच पन्नासला उठतो. त्याआधीची दहा मिनिटं म्हणजे झोपेवरची साय. वर्षभर घासाघीस करून, हप्ते भरून, वरच्या मजल्यावरच्यांची खुर्ची सरकवण्याची हौस सोसून माणसाच्या वाट्याला जे काही सुख येतं ते या दहा मिनिटांत येतं. आणि बरोबर पाच चाळीसला माझ्या खिडकीखाली आवाज व्हायचा: फुस्स. साधा नाही. कुकरने शिट्टी द्यायचं ठरवावं आणि मग आयुष्याचा विचार करत बसावं, असा लांबलचक. एकदा नाही, तीनदा. कारण गाडीखाली ब्रेकच्या हवेच्या टाक्या तीन. आवाज करणारी गाडी म्हणजे हंसाबेनची पिवळी स्कूलबस, जी आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून रात्रभर उभी असते आणि जिच्यातून आमची सान्वी शाळेत जाते. आणि बसखाली हात घालून तो आवाज काढणारा म्हणजे तुमच्या शेजारचा, एसटी डेपोत तुमच्याच हाताखाली तयार झालेला हरिश्चंद्र. ज्याला तुम्ही चार वर्षांपूर्वी माझ्याकडे पाठवलंत आणि चिठ्ठीत लिहिलंत, ‘पोरगा सरळ आहे, जरा लक्ष ठेव.’ मी लक्ष ठेवलं. कसं ते आता सांगतो.

तुम्हाला ठाऊकच आहे की मी गेली अकरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे. (निवडणूक होत नाही. सभेत सगळे एकमेकांकडे बघतात आणि मग माझ्याकडे.) पगार नाही, मान नाही, पण एक गोष्ट मिळाली: नोटीस लिहिण्याचा हक्क. माझ्या नोटिसांचे फोटो काढून लोक नातेवाइकांना पाठवतात. गच्चीवर पापड वाळवणाऱ्यांना उद्देशून लिहिलेली नोटीस तर म्हणे बोरिवलीपर्यंत गेली. असं कौतुक झालं की माणसाला कारण लागत नाही, निमित्त पुरतं. तर मी लिहिलं: ‘कंपाउंडलगत उभ्या राहणाऱ्या एका पिवळ्या वाहनास वाताचा विकार जडलेला असून ते रोज पहाटे त्याचे जाहीर प्रदर्शन करते. सोबत जमिनीवर तपकिरी द्रवही सोडते. मालकाने वाहनास रात्री हिंगाष्टक चूर्ण द्यावे. सकाळी आठच्या आत सदर आवाज झाल्यास वाहनास येथे उभे राहू दिले जाणार नाही.’ खाली सही, शिक्का. ग्रुपवर हसण्याच्या बाहुल्यांचा पाऊस पडला. मी त्या मोजल्या. (एकोणचाळीस. आठ जणांनी दोनदा टाकल्या.)

आमचा वॉचमन सूरज, वय पंचावन्न, यूपीचा. त्याने ती नोटीस फाटकात उभं राहून हरिश्चंद्रला वाचून दाखवली, वर हिंदीत अर्थही सांगितला. चार ड्रायव्हर, एक दूधवाला आणि इस्त्रीवाला ऐकत होते. सगळे हसले. हरिश्चंद्रपण हसला म्हणे. संध्याकाळी मला जिन्यात भेटला आणि म्हणाला, “दादा, वात नाय तो. टाकीतलं पाणी हाय. रोज काढावं लागतं.” मी म्हणालो, “मग आठनंतर काढ.” तो म्हणाला, “आठला पोरं शाळेत पोचलेली असतात, दादा.” मी घड्याळाकडे बघितलं. अकरा वर्षांत एवढं शिकलोय, की घड्याळाकडे बघितलं की समोरचा माणूस आपोआप जातो. तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून पाच चाळीसला शांतता. सुलू म्हणाली, “आज झोप लागलीये वाटतं साहेबांना.” लागली होती. नंतर कळलं की हरिश्चंद्र गाडी गल्लीच्या टोकाला नेऊन टाकीचं पाणी काढायचा, तर तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझीच नोटीस छापून आपल्या फाटकावर लावली. (नाव बदललं होतं, हिंगाष्टक तसंच ठेवलं होतं. त्या वेळी मला गंमत वाटली.) शाळेच्या दारात काढू गेला, तर परिपाठ चालू असताना आवाज नको म्हणून तिथून हाकललं. मग जमेल तेव्हा, जमेल तिथे. मग आठवड्यातून एकदा. मग तेही नाही.

मामा, पुढचं तुम्हाला शिकवणं म्हणजे कोळणीला मासा ओळखायला शिकवण्यासारखं आहे, पण मला स्वतःला एकदा सरळ लिहून काढायचंय. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो. आमच्याकडे खाडीची हवा, म्हणजे अर्धी हवा आणि अर्धं पाणी. ती दाबली की तापते, टाकीत जाऊन निवते, आणि पाणी तळाशी बसतं. त्यात कॉम्प्रेसरचं थोडं तेल. टाकीच्या बुडाला छोटा वॉल्व्ह, त्याला तारेची रिंग. रोज ती ओढायची, पाणी संपून कोरडी हवा येईपर्यंत. दोन मिनिटांचं काम. नाही ओढली, तर पाणी वाढत जातं, हवेला जागा उरत नाही, गंज सुटतो, तो गाळ पुढच्या वॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. मग ट्रॅफिकमध्ये चार-पाच वेळा ब्रेक दाबला की हवा संपते. ड्रायव्हरचा पाय पॅडलवर असतो आणि गाडी पुढेच जात राहते.

गेल्या मंगळवारी ती पुढे गेली. सकाळी सात वाजता, केबिन रोडवरून वळताना, तेवीस मुलं आत. सान्वी तिसऱ्या सीटवर. हरिश्चंद्रने गिअर पाडला, हॉर्नवर हात ठेवला, रिक्षावाल्यांना खिडकीतून ओरडून बाजूला केलं आणि गाडी रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या रेतीच्या ढिगात घातली. तिथे ती थांबली. (हा ढीग हटवावा म्हणून मी महानगरपालिकेला तीन तक्रारी केल्या होत्या. एकीचीही दखल घेतली नाही. मामा, आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या दुर्लक्षाबद्दल देवासमोर उदबत्ती लावली.) कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एका मुलाचा डबा सांडला. सान्वी घरी आली, हातपाय धुतले, जेवायला बसली आणि म्हणाली, “बाबा, हरीकाकांनी ब्रेक दाबला होता. मी बघितलं. उभे राहून दाबत होते.” सुलूने माझ्याकडे बघितलं. मी पोळीकडे बघितलं.

गॅरेजवाल्याने टाक्या उघडल्या. साडेतीन लिटर पाणी निघालं, दुधाच्या कॉफीच्या रंगाचं. त्याने कागदावर लिहून दिलं: टाकीतले पाणी रोज काढलेले नाही, चालकाची हयगय. हंसाबेन कपाळाला हात लावून म्हणाल्या, “पंद्रह साल में एक खरोंच नहीं आयी मेरी गाडी को, और ये आदमी दो मिनट का काम नहीं करता?” हरिश्चंद्रला सोमवारपर्यंत घरी बसवलंय. सोमवारी काढून टाकणार. आणि भाईंदरमध्ये स्कूलबसचे मालक सगळे एकमेकांना ओळखतात. ब्रेकमध्ये हयगय केली असं एकदा नावापुढे लागलं की त्याला कोण बस देईल? पोरांची तर सोडाच, कोंबड्यांचीसुद्धा कोणी देणार नाही.

त्याने हंसाबेनना नोटिशीबद्दल एक शब्द सांगितला नाही. मला हे सूरजकडून कळलं. सूरजने विचारलं होतं, क्यों नहीं बोलते? तर म्हणाला, आत्मारामकाकांच्या भाच्याचं नाव मी मालकिणीसमोर घेऊ? मला रिंग ओढायला त्यांनी शिकवलं. सूरजने हे मला सांगितलं, वर मान हलवत म्हणाला, “बडा आदमी है, साहब.” कोणाबद्दल म्हणाला ते मी विचारलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, सदूला कुठून कळणार, तो ऑफिसात कागद हलवणारा माणूस. इथेच खरी लाज आहे, मामा. मला ठाऊक होतं. चौथीच्या सुट्टीत तुम्ही मला डेपोत न्यायचात, तेव्हा एसटीच्या पोटाखाली शिरून रिंग मीच ओढायचो. ‘आधी टाकीचं पाणी, मग आपला चहा’ हे तुमचं वाक्य मी दोस्तांना तुमच्या आवाजात म्हणून दाखवायचो. पहिल्या दिवशी खिडकीखाली फुस्स झालं तेव्हाच मला कळलं होतं तो काय आवाज आहे. पण ‘वाताचा विकार’ हे सुचलं होतं. सुचलेलं वाया घालवायचं माझ्या जिवावर येतं.

आणखी एक आहे. नोटीस लागल्याच्या तिसऱ्या दिवशी हरिश्चंद्रने मला अर्ज दिला होता. वहीचं पान, निळी शाई. शब्दशः लिहितो, कारण पाठ झालाय: ‘मा. सेक्रेटरी साहेब, रोज सकाळी गाडीच्या टाकीतलं पाणी काढावं लागतं. नाय काढलं तर ब्रेकला धोका आहे. गाडीत पोरं असतात. मी खाली बादली धरीन. आवाजाला गोणपाट लावीन. परवानगी द्यावी.’ मी तो कमिटीच्या बैठकीत लाल पेनने तपासला. ‘नाय’चं ‘नाही’ केलं. ‘पोरं’ खोडून ‘मुले’ केलं. सगळे हसले, चहा आला, अर्ज फायलीत गेला. तो कागद आजही माझ्या कपाटात आहे आणि तो माझ्याकडे आहे हे हरिश्चंद्रखेरीज कोणाच्या लक्षातही नाही. हंसाबेनना दाखवला तर त्याची नोकरी वाचते. अकरा वर्षांचा सेक्रेटरी, बोरिवलीपर्यंत पोचलेला, तो काही वाचत नाही.

तर मामा, मी ठरवलंय. उद्या सकाळी मी तो कागद घेऊन हंसाबेनकडे जाणार. तुमच्या कानावर घालून मन मोकळं केलं, एवढंच. मामींना नमस्कार. सान्वी मजेत आहे.

तुमचा,
सदू

ता. क. : ‘उद्या’ हा शब्द मी सुलूला बुधवारी सांगितला आणि स्वतःला तेव्हापासून रोज सांगतोय. ती समजते की मी गुरुवारीच जाऊन आलो. म्हणून खरी विनंती ही: तुम्हीच हंसाबेनना दोन ओळी लिहाव्यात, की हरिश्चंद्र माझ्या हाताखालचा आहे, तो हयगय करणारा नाही, त्याला ठेवावा. एसटीच्या हेडमेकॅनिकचा शब्द आहे, त्या ऐकतील. म्हणजे अर्ज दाखवावा लागणार नाही. हे पत्र तुम्हाला गुरुवारी मिळेल, तुमचं पत्र इथे पुढच्या आठवड्यात येईल, आणि त्याला काढणार उद्या. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं लिहिणार होतो. आलं होतं.

ता. क. दुसरा : (सोमवार, साडेबारा. पाकीट चिकटवलं होतं, वाफेवर उघडलं.) हंसाबेनना काही लिहू नका. आठ वाजता केबिन रोडला त्यांच्या ऑफिसात गेलो आणि नोटिशीची प्रत व अर्ज दोन्ही टेबलावर ठेवले. त्या मराठी हळू वाचतात, अक्षरांखाली बोट धरून. बोट लाल शाईपाशी थांबलं. “ये लाल किसने किया?” मी म्हणालो, मी. त्या म्हणाल्या, “उसने पोरं लिखा था. मेरे को तो पोरं समझ में आता है.” मी प्रसंग हलका करायला तीन वाक्यं तयार करून नेली होती. तिन्ही परत आणली. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला, “हरीभाई, दोपहर की पाळी से आ जाओ,” आणि फोन ठेवून दुसरं काम काढलं. मला चहा विचारला नाही. हंसाबेन चहा विचारत नाहीत म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

घरी येऊन सुलूला सांगितलं. तिने फाटकावरची नोटीस काढायला पिना उपटायचं हत्यार तेवढं हातात दिलं. मग मी सोसायटीची आवक वही उघडली. तिच्यात शेवटचा रकाना ‘उत्तर दिल्याचा दिनांक’ असा आहे. हरिश्चंद्रच्या अर्जापुढे तो दोन महिने अकरा दिवस रिकामा होता. कोऱ्या कागदावर लिहिलं: ‘अर्ज मंजूर. उत्तरास विलंब झाला. चूक सेक्रेटरीची.’ (यात कुठे विनोद राहिलाय का ते दोनदा तपासलं.) बारा वाजता खाली गेलो. तो बसखाली होता, पाय तेवढे दिसत होते. मी हाक मारली नाही. वाट बघितली. बाहेर आला, हात पुसले, कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पुढच्या टाकीकडे गेला.

मी वर येऊन रकान्यात आजची तारीख घातली.